सेमी ट्रकवर सीबी रेडिओचा अँटेना: निवड, बसवणी आणि जुळणी

अमेरिकेत किंवा कॅनडात मालवाहू ट्रक चालवण्याचा परवाना नुकताच हाती आलेल्या मराठी चालकाला सीबी रेडिओ (सिटिझन्स बँड, म्हणजे चालकांना आपसात थेट बोलता येणारा रेडिओ) ही जुन्या जमान्यातली वस्तू वाटण्याची शक्यता आहे. फोनवर नकाशा असतो, रहदारीची माहितीही असते, मग हे खरखरणारे यंत्र कशाला, असा प्रश्न पडतो. वायोमिंगमधून जाणाऱ्या आय-८० महामार्गावर हिवाळ्यातल्या वाऱ्यात, फोनची रेंज गेलेली असताना, पुढच्या उतारावर ट्रक आडवा पडला आहे आणि डावी लेन बंद आहे ही बातमी समोरून येणारा चालक १९ क्रमांकाच्या चॅनलवर सांगतो, तेव्हा या यंत्राचा उपयोग समजतो. नकाशात रस्ता लाल होईपर्यंत आपण त्या उतारावर पोहोचलेले असतो.

रेडिओ घेताना बहुतेक नवे चालक पेटीवर जास्त आणि अँटेनावर कमी खर्च करतात. खरे तर अमेरिकेत एएम पद्धतीच्या सीबी रेडिओची शक्ती कायद्याने ४ वॅटपर्यंत मर्यादित आहे. म्हणजे स्वस्त पेटी आणि महाग पेटी यांची पोहोच जवळपास सारखीच असते आणि खरा फरक अँटेना, त्याची जागा आणि त्याचे ग्राउंड (ट्रकच्या धातूशी असलेली विजेची जोडणी) यांतून पडतो. या तिघांतही अँटेनाच्या किमतीला मी शेवटचे स्थान देईन. योग्य जागी आणि चांगल्या ग्राउंडवर बसवलेला साधा अँटेना चुकीच्या जागी बसवलेल्या नामांकित अँटेनाला सहज मागे टाकतो.

लांबीचे गणित

सीबीचे ४० चॅनल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आहेत. या पट्ट्यातल्या लहरींची लांबी सुमारे ११ मीटर भरते. वाहनावरचा सर्वांत साधा आणि कार्यक्षम अँटेना त्या लांबीच्या पाव भागाइतका, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर (९ फूट) उंच असायला हवा. ट्रकच्या आरशावर एवढी काठी उभी केली, तर पहिल्याच पुलाखाली ती मोडेल. म्हणून ट्रकचे अँटेना तीन ते पाच फुटांचे असतात आणि उरलेली विद्युत-लांबी तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, भरून काढली जाते. फायबरग्लासच्या अँटेनात ही तार दांड्याभोवती गुंडाळलेली असते आणि वरच्या टोकाकडे दाट होते. स्टीलच्या अँटेनात ती तळाशी किंवा मध्यावर एका जाड डब्यात बसवलेली असते.

पाव लहरीच्या अँटेनाला दुसरा अर्धा भाग लागतो आणि तो भाग म्हणजे ट्रकचे धातूचे शरीर. यालाच ग्राउंड प्लेन म्हणतात. पिकअप गाडीच्या पोलादी छपरावर चुंबकी तळाचा अँटेना ठेवला की काम भागते. सेमी ट्रकचे तसे नाही. आजच्या अनेक ट्रॅक्टरची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाची, कॅब ॲल्युमिनियमची असते, बॉनेट आणि छतावरचे वायुरोधक आवरण प्लॅस्टिक किंवा फायबरचे असते आणि आरशाची कवचे तर प्लॅस्टिकचीच असतात. चुंबक यांपैकी कशालाच चिकटत नाही. म्हणून दुकानातून चुंबकी अँटेना उचलण्यापूर्वी आपल्या कॅबला एक साधे चुंबक लावून पाहावे.

ट्रक पाहून अँटेना निवडणे

पहिले पाऊल म्हणून मोजपट्टी घेऊन ट्रकजवळ जावे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत वाहनाच्या उंचीची मर्यादा १३ फूट ६ इंच, म्हणजे सुमारे ४.११ मीटर आहे, तर कॅनडात ती ४.१५ मीटर आहे. समजा, आरशाच्या दांड्यावर जिथे अँटेना धरणारी धातूची पट्टी बसणार आहे ती जागा जमिनीपासून २.७ मीटरवर आहे. चार फुटांचा, म्हणजे १.२२ मीटरचा अँटेना तिथे बसवला, तर टोक ३.९२ मीटरवर येते आणि ते मर्यादेत राहते. पाच फुटांचा अँटेना त्याच जागी ४.२२ मीटरपर्यंत जातो. फायबरग्लासचा दांडा लवचीक असल्यामुळे फांदीला घासून परत सरळ होतो, आणि म्हणूनच अनेक चालक थोडी जास्त उंची चालवून घेतात, पण मध्यावर जड कॉइल असलेल्या अँटेनाच्या बाबतीत मी हा धोका पत्करणार नाही. तो लोडिंग डॉकच्या छताला किंवा पेट्रोल पंपाच्या मंडपाला आपटला की कॉइल तरी फुटते, नाहीतर आरशाचा दांडा वाकतो.

दुसरी अट अशी की अँटेनाचा शक्य तितका भाग, विशेषतः वरचा अर्धा भाग, कॅबच्या छताच्या वर असावा. मागे स्लीपर (चालकाची झोपायची खोली) आणि त्यामागे ट्रेलरची धातूची भिंत असल्यामुळे छताखाली दडलेला अँटेना मागच्या दिशेला जवळपास आंधळा होतो. उंचीची मर्यादा आणि ही अट एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, म्हणून पट्टीची जागा दोन-चार इंच वर-खाली करून मधला मार्ग काढावा लागतो. उंच स्लीपर असलेल्या ट्रकवर वरच्या टोकाकडे कॉइल असलेला फायबरग्लासचा अँटेना मला अधिक सोयीचा वाटतो. फायरस्टिक कंपनीच्या फिरत्या टोकाच्या अँटेनासारख्या प्रकारात जुळणीचा, म्हणजे अँटेनाची लांबी कमी-जास्त करण्याचा, स्क्रू टोकावरच असतो आणि काही कापावे लागत नाही. विल्सन २००० सारख्या, कॉइलच्या वर स्टीलची काडी असलेल्या अँटेनात काडी सैल करून वर-खाली सरकवता येते. दोन्ही प्रकार चांगले आहेत.

आता एक की दोन, हा प्रश्न. दोन्ही आरशांवर एकसारखे दोन अँटेना पाहिले की ट्रक रुबाबदार दिसतो आणि नव्या चालकाला तोच योग्य मार्ग वाटतो. जोडअँटेनाचा हेतू असा की दोन्हींचे संदेश पुढच्या आणि मागच्या दिशेला एकत्र येऊन बळकट व्हावेत आणि बाजूंना कमी व्हावेत. महामार्गावर हे सोयीचेच आहे. मात्र त्यासाठी दोन्हींमधले अंतर सुमारे पाव लहर, म्हणजे नऊ फुटांच्या आसपास असावे लागते. अमेरिकेत ट्रकची रुंदी आरसे सोडून १०२ इंचांपर्यंत असू शकते, त्यामुळे आरशांच्या बाहेरच्या कडांवर बसवले तर हे अंतर जेमतेम साधते. बॉनेटवरच्या लहान आरशांवर किंवा स्लीपरच्या मागे जवळजवळ बसवलेली जोडी फक्त शोभेची उरते. शिवाय जोडीतला एक अँटेना किंवा एक केबल बिघडली की दोन्हींची जुळणी बिघडते आणि दोष शोधण्याचे काम दुप्पट होते. नव्या चालकाने चालकाच्या बाजूच्या आरशावर एकच अँटेना बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डावी बाजू यासाठी की तिथे रस्त्याच्या उजव्या कडेवरून झुकलेल्या फांद्या कमी लागतात आणि बसल्या जागेवरून अँटेना सरळ आहे की नाही तेही दिसते.

केबलची निवड याच निर्णयावर अवलंबून आहे. एका अँटेनाला ५० ओहमची केबल लागते. आरजी-५८ चालते, थोडी जाड आरजी-८एक्स अधिक चांगली. जोडअँटेनाला मात्र ७५ ओहमच्या आरजी-५९ चे दोन समान तुकडे लागतात, जे रेडिओच्या टोकाला एकाच प्लगमध्ये एकत्र येतात. तयार जोडकेबलचा प्रत्येक तुकडा सहसा १८ फुटांचा असतो. केबलमध्ये लहर हवेपेक्षा हळू जाते, त्यामुळे १८ फूट ही लांबी केबलमधल्या लहरीच्या सुमारे पाऊण भागाइतकी होते. याच लांबीमुळे दोन्ही अँटेना मिळून रेडिओला ५० ओहमच्या जवळचा भार दिसतो. म्हणून जोडकेबल जास्त झाली म्हणून कापू नये. कॅबमध्ये उरलेली केबल घट्ट गुंडाळी न करता मोठ्या सैल वेढ्यांनी आसनामागे ठेवावी.

ज्या वाहनावर धातू जवळपास नाहीच, अशांसाठी ग्राउंड प्लेनशिवाय चालणारे अँटेना मिळतात. ते त्यांच्या स्वतःच्या केबलसह येतात आणि ती केबल बदलून चालत नाही. ॲल्युमिनियमच्या कॅबला त्यांची गरज नाही, कारण ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नसले तरी वीज उत्तम वाहते.

बसवणी

कंपनीचा किंवा भाडेतत्त्वावरचा ट्रक असेल तर सुरुवात फोनने करावी. कुठेही भोक पाडण्यापूर्वी दुरुस्ती विभागाची लेखी परवानगी घ्यावी. अनेक ट्रकमध्ये कारखान्यातूनच अँटेनाची केबल डोक्यावरच्या कप्प्यापर्यंत आणलेली असते आणि तिथे लाल-काळे असे १२ व्होल्टचे दोन खुंटेही असतात. हे सर्व तयार असेल तर निम्मे काम झालेले असते, फक्त ती केबल कोणत्या बाजूच्या अँटेनापर्यंत जाते आणि ती शाबूत आहे का, एवढे तपासायचे उरते.

आरशाच्या नळीसारख्या दांड्याला आवळून बसणारी पट्टी जुन्या घडणीच्या पीटरबिल्ट किंवा केनवर्थ ट्रकवर सरळ बसते. नव्या वायुगतिक ट्रकवर दांडा कवचात झाकलेला असतो, म्हणून त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेली पट्टी घ्यावी लागते. मोठ्या ट्रक स्टॉपवरच्या सीबीच्या दुकानात मॉडेल आणि वर्ष सांगितले की ती मिळते. पट्टीची जागा ठरवताना धुराड्याच्या उभ्या नळीपासून जितके दूर जाता येईल तितके जावे, कारण समांतर उभा धातू जुळणी बिघडवतो. कॅबच्या मागच्या बाजूला बसवायचे असेल तर ट्रेलर जोडून एक तीव्र वळण सावकाश घेऊन पाहावे आणि ट्रेलरचा पुढचा कोपरा कुठपर्यंत येतो ते कोणाला तरी खाली उभे करून बघायला लावावे.

यापुढचा टप्पा लहान दिसतो, पण नव्या माणसाचे सर्वाधिक तास इथेच जातात. अँटेना ज्या खुंटीवर उभा राहतो तिचे दोन भाग असतात. खालचा भाग म्हणजे केबलचा पीएल-२५९ प्लग ज्यात आवळला जातो तो एसओ-२३९ सॉकेट, आणि वरचा भाग म्हणजे अँटेनाचे ३/८ इंची आटे ज्यात बसतात ती षटकोनी नट. सॉकेटचे बाहेरचे शरीर पट्टीच्या खालच्या पृष्ठभागाला थेट, धातूला धातू लागून बसले पाहिजे. वरची नट आणि आतला खिळा मात्र पट्टीला कुठेही लागता कामा नयेत. त्यांच्यामध्ये पांढरे नायलॉनचे वॉशर येते, ज्याची एक कड उंच असते. ती उंच कड पट्टीच्या भोकात उतरली पाहिजे, कारण तीच खिळ्याला भोकाच्या कडेपासून अलग ठेवते. वॉशर उलटे बसवले किंवा आवळताना चिरले की पूर्ण जोडणी शॉर्ट होते. पट्टीवर रंग किंवा पावडरचा लेप असेल तर सॉकेट टेकते तेवढी जागा खालून कानशीने खरवडून धातू उघडा करावा, दातेरी वॉशर लावावे आणि मगच आवळावे.

अँटेना चढवण्याआधी मल्टिमीटर काढावा. एक टोक पट्टीवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण खुंटीवर किंवा चेसिसच्या उघड्या धातूवर ठेवल्यास रोध एका ओहमपेक्षा कमी दिसला पाहिजे. तो जास्त असेल किंवा दार हलवल्यावर बदलत असेल, तर दोष बहुधा बिजागरीत आहे. आरसा दारावर असतो आणि दार ग्रीस लावलेल्या बिजागऱ्यांवर, त्यामुळे विजेचा रस्ता कच्चा राहतो. पट्टीपासून कॅबच्या धातूपर्यंत विणलेल्या तांब्याची एक रुंद पट्टी, दार पूर्ण उघडेल इतकी ढील ठेवून, जोडली की हा प्रश्न मिटतो. दुसरी चाचणी केबलची. रेडिओकडचा प्लग मोकळा ठेवून त्याचा मधला खिळा आणि बाहेरचे कवच यांच्यामध्ये मीटर लावावा. अँटेना न चढवता तिथे जोड दिसता कामा नये. दिसला तर वॉशर किंवा प्लगचे डाग (सोल्डरचे जोड) तपासावेत. अँटेना चढवल्यानंतर ही चाचणी करू नये, कारण काही कॉइलचे अँटेना त्यांच्या रचनेमुळेच शॉर्ट दाखवतात आणि उगाच घोळ होतो.

केबल आत नेताना दाराच्या रबराच्या खालच्या बाजूने, जिथे ती चिरडणार नाही अशा जागेने न्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी त्या वळशावरून गळून जाते. बाहेरच्या प्लगवर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी. हिवाळ्यात रस्त्यावर टाकले जाणारे मीठ उघडा प्लग लवकर खाऊन टाकते.

विजेच्या जोडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. अमेरिकी ट्रक १२ व्होल्टवर चालतात, सीबीही १२ व्होल्टचा असतो. लाल तार धनाला, काळी ऋणाला, आणि रेडिओसोबत आलेला फ्यूज काढून मोठा लावू नये.

एसडब्ल्यूआरची जुळणी

अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते याचे माप म्हणजे एसडब्ल्यूआर. हे माप १.५ असेल तर सुमारे ४ टक्के शक्ती परत येते, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के. परतलेली शक्ती रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवते, म्हणून माप ३ च्या वर असताना बोलू नये. १.५ किंवा त्याखाली आले की समाधान मानावे. १.२ चे १.१ करण्यासाठी दुपार घालवण्यात अर्थ नाही, ऐकणाऱ्याला तो फरक कळतही नाही.

ट्रक मोकळ्या जागी, इतर ट्रक, इमारती आणि विजेच्या तारांपासून दूर उभा करावा. ट्रक स्टॉपवर दोन ट्रेलरच्या मध्ये उभे राहून घेतलेले माप निरुपयोगी असते. दारे बंद असावीत, ट्रेलर नेहमीसारखा जोडलेला असावा आणि अँटेनाजवळ कोणी उभे नसावे. अँटेनाची केबल मीटरच्या अँटेना लिहिलेल्या सॉकेटमध्ये आणि साधारण तीन फुटांची छोटी केबल मीटरपासून रेडिओपर्यंत लावावी. चॅनल रिकामा आहे हे ऐकून खात्री करावी, मीटरचा खटका फॉरवर्डकडे करून माइकची कळ दाबावी, न बोलता मीटरची घुंडी फिरवून काटा सेट या खुणेवर आणावा, खटका दुसऱ्या बाजूला करून आकडा वाचावा आणि कळ सोडावी. हे सर्व काही सेकंदांत उरकायचे असते. चॅनल १, १९ आणि ४० वर हीच कृती करावी आणि प्रत्येक वेळी काटा नव्याने सेट करावा. चॅनल ९ संकटकाळासाठी राखीव आहे, तो चाचणीला वापरू नये.

समजा, चॅनल १ वर २.१, १९ वर १.७ आणि ४० वर १.४ असे आकडे आले. खालच्या चॅनलवर माप जास्त आहे, म्हणजे अँटेना आखूड आहे, तो लांब करावा. फिरत्या टोकाचा असेल तर स्क्रू दोन-तीन फेरे बाहेर काढावा, काडीचा असेल तर काडी थोडी वर सरकवावी. आकडे उलट, म्हणजे ४० वर जास्त असतील, तर अँटेना लांब आहे. काडी पूर्ण खाली सरकवूनही लांबच राहत असेल तरच ती कापावी आणि तीही एका वेळी तीन मिलिमीटर. टोकावरची रबरी टोपी प्रत्येक मापाच्या वेळी परत घालावी, कारण टोपीमुळेही आकडा बदलतो. जोडअँटेनात दोन्हींना सारखेच फेरे द्यावेत.

तिन्ही चॅनलवर माप ३ च्या वर असेल तर अँटेनाला हात लावू नये. हा लांबीचा दोष नसतो. वॉशर, प्लगचे डाग, चिरडलेली केबल आणि ग्राउंड या क्रमाने मागे जावे. काटा तिन्ही ठिकाणी टोकाला जाऊन बसत असेल तर पहिला संशय वॉशरवर घ्यावा.

वापरात आल्यावर

इंजिन चालू केल्यावर गुरगुर वाढत असेल, तर डॅशकॅम, फोनचा चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहावेत. अनेकदा आवाजाचे मूळ चार्जर निघतो. त्याच्या तारेवर फेराइटची कडी बसवली की आवाज बराच उतरतो.

पोहोच वाढवण्यासाठी पेटीला जोडायचे शक्तिवर्धक काही दुकानांत अजूनही दाखवले जातात. अमेरिकेत सीबीवर ते वापरणे बेकायदा आहे. चांगल्या जुळणीने ट्रक ते ट्रक काही मैलांचे बोलणे होते आणि पुढच्या उताराची बातमी कळायला तेवढे पुरते. व्यावसायिक चालकांना हातात फोन धरण्यास मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या संघीय नियमाने सीबी रेडिओला त्या व्याख्येतून वगळले आहे, पण राज्यांचे आणि प्रांतांचे स्वतःचे नियम असतात, ते आपल्या मार्गानुसार पाहून घ्यावेत. कॅनडात हीच सेवा जनरल रेडिओ सर्व्हिस या नावाने ओळखली जाते आणि तिचे ४० चॅनल तेच आहेत. ब्रिटिश कोलंबियात जंगलातल्या लाकूडवाहतुकीच्या रस्त्यांवर मात्र सीबी उपयोगाचा नाही. तिथे व्हीएचएफ रेडिओवर ठरलेले चॅनल चालतात, त्या कामाला जाणाऱ्यांनी वेगळा रेडिओ आणि वेगळा अँटेना घ्यावा.

ट्रक स्वयंचलित धुलाईत नेण्यापूर्वी अँटेना उतरवून ठेवावा. त्यासाठी खुंटीवर झटपट सुटणारा जोड लावता येतो, पण तो लावल्यावर लांबी बदलते, म्हणून एसडब्ल्यूआर पुन्हा मोजावा. हिवाळा संपल्यावर टेप सोडून प्लग पाहावा, हिरवट थर दिसला तर प्लग कापून नवा लावावा, आणि पट्टीपासून चेसिसपर्यंतचा रोध परत एकदा मीटरवर बघून घ्यावा.